तुणाचं लाकूड, इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी: आठ महिने वाजवून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीच्या गिटारचा नाहीये, लाकडाचा आहे. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून तुणाची फळी आणली, तिच्यातून घरी टेलिकास्टर (फेंडर कंपनीचं मॉडेल, पुढे नुसतं टेली) शेपची बॉडी कापली, नेक (गिटारची मान) रेडीमेड घेतला, आणि आता आठ महिने ती गिटार रोज वाजवतोय, मधे अख्खा पावसाळा जाऊन गेला. "ॲल्डर इथे मिळत नाही मग बॉडी कशाची करू" (ॲल्डर म्हणजे परदेशी गिटारच्या बॉडीला वापरतात ते लाकूड) हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं मत सुरुवातीलाच देतो: बाहेरून मागवलेल्या ॲल्डरच्या मागे लागू नका, सुकलेली तुणाची फळी मिळत असेल तर ती घ्या. पण सुकलेली. सगळं त्या एका शब्दावर आहे.

तून म्हणजे कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं झाड. लालसर तपकिरी लाकूड, हलकं, कापताना छान गोडसर वास येतो. पुण्यातल्या फर्निचरवाल्या मिस्त्रींना विचारलंत तर बरेच जण सागवान आणि प्लाय ह्यापलीकडे बोलत नाहीत, पण मिरजेत विचारून बघा. माझं आजोळ सांगलीचं, लहानपणी मामा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जायचा, तिथे सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या दांड्या कोरायला बसलेली माणसं, बाजूला वाळलेल्या भोपळ्यांची रास, आणि सगळ्या गल्लीत हाच वास. त्या दांड्या तुणाच्याच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी भोपळ्यांचे फोटो टाकले पण तुणाबद्दल फारसं कोणी बोललंच नाही, मला त्याचं वाईट वाटलं होतं. मी बॉडीसाठी लाकूड शोधतोय म्हटल्यावर मामा फोनवर एवढंच म्हणाला, "अरे तुझ्या आजोबांची सतार काढून बघ, दांडी अजून सरळ आहे की नाही ते." बघितली. सरळ आहे. तिथेच ठरलं.

त्याआधी मी सागाच्या नादात होतो. साग मजबूत, वाळवी लागत नाही, हलत नाही, सगळं खरं. पण वजन बघा. सुकलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरा, तुणाचं ४५० ते ५५० च्या आसपास, आणि ॲल्डरसुद्धा ह्याच ४५० च्या भागात बसतं. टेलीची बॉडी सागाची केली तर अडीच किलोच्या पुढे जाते, त्यात नेक आणि हार्डवेअर धरलं की उभं राहून दोन तास प्रॅक्टिस केल्यावर डावा खांदा भरून येतो. शिवाय साग तेलकट, चिकटवायच्या आधी सांधा थिनरने पुसून घेतला नाही तर गोंद नीट धरत नाही. माझी तुणाची बॉडी सगळे खड्डे कोरून पॉलिश करून १.९ किलो भरली आणि पूर्ण गिटार ३.३ किलो. इतका फरक.

आणि लाकडाबद्दल फार सोवळं पाळायची गरज नाही हे मला जुन्या गोष्टी वाचून कळलं. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास जो 'लॉग' नावाचा गिटारचा नमुना बनवला त्याच्या मधोमध पाइनचा चार बाय चारचा सरळसोट ओंडका होता. फेंडरच्या १९५० च्या अगदी पहिल्या काही एस्क्वायर गिटार पाइनच्याच होत्या, ॲश नंतर आलं, आणि ॲल्डर तर १९५६ च्या आसपास. क्वीन बँडचा ब्रायन मे आणि त्याचे वडील १९६३ मध्ये घरी गिटार बनवायला बसले तेव्हा नेक जुन्या शेकोटीच्या महोगनीच्या फळीतून काढला, बॉडीत ओक आणि ब्लॉकबोर्ड, ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांड्याला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. त्या गिटारवर पुढे काय काय वाजलं ते सगळ्यांनी ऐकलंय. म्हणजे जे हाताशी होतं आणि वाळलेलं होतं ते त्यांनी वापरलं. आपल्या हाताशी तून आहे.

आता खरेदीचं. पहिली फळी मी दुसऱ्याच एका दुकानातून घेतली होती, तिथे "एकदम सुखा माल" सांगून दिली, मी विश्वासाने आणली, घरी उभी करून ठेवली आणि दोन आठवड्यांत तिला असा पीळ आला की टेबलावर ठेवली तर एक कोपरा बोटभर वर. रंधा मारून सरळ करायची म्हटलं तर जाडी उरत नव्हती. ती फळी गेली, पैसे गेले, पण त्यातून मी दोन सवयी लावून घेतल्या ज्या प्रत्येकाने लावाव्यात. एक, मॉइश्चर मीटर घेऊन वखारीत जायचं आणि पिना फळीच्या टोकाला न लावता मधे लावायच्या, कारण टोकं आधी वाळतात आणि आकडा चांगला दाखवतात. मला १२ टक्क्यांच्या आत पाहिजे होतं. दोन, मीटर नसेल तर घरी आणून फळी वजनकाट्यावर ठेवायची, वहीत तारीख टाकून वजन लिहायचं, दर चार दिवसांनी परत, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत करवत लावायची नाही. माझी दुसरी फळी आणली तेव्हा ४.६ किलो होती, महिन्याभराने ४.४ वर येऊन थांबली, त्यानंतरच मी कापली.

ही दुसरी फळी ज्या वखारीतून घेतली तिथला अनुभव मात्र मनापासून चांगला. गल्लीत आत, समोर सागाचे ओंडके, मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या करून ठेवलेल्या फळ्या. शेठनी आधी विचारलं काय करायचंय, दरवाजा का चौकट, मी म्हटलं गिटार. मग आतून मिस्त्रीकाकांना हाक मारली.

"गिटार म्हणजे आतून पोकळ ना ती?"

"नाही काका, ही भरीव असते, वायरवाली."

"मग तुला वजन कमी पाहिजे. आणि गाठ नको. थांब."

आणि त्यांनी खरंच पाच-सहा फळ्या काढून, एकेक जमिनीवर आपटून, बोटाच्या पेराने वाजवून दाखवल्या. कुठल्या फळीतला आवाज मोकळा येतो, कुठली ठप्प वाजते. त्याने गिटारचा आवाज ठरतो असं मी म्हणणार नाही, पण आत भेग असली किंवा लाकूड ओलं असलं तर ती ठप्प वाजते, हे त्यांनी मला मीटर लावून पटवून दिलं, ठप्प वाजली तिथे १९ आणि मोकळी वाजली तिथे १३.

माप असं घेतलं. टेलीची बॉडी साधारण १६ इंच लांब, पावणेतेरा इंचाच्या आत रुंद, पावणेदोन इंच जाड. इतकी रुंद एकसंध फळी शोधायची गरज नाही, मोठ्या कंपन्यासुद्धा दोन-तीन तुकडे जोडून बॉडी करतात. मी ७ इंच रुंद, २ इंच जाड, ४० इंच लांब अशी फळी घेतली, मधून कापून दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवले की १४ बाय २० चा ब्लॉक. घनफुटात मोजलं तर जेमतेम एक तृतीयांश घनफूट. लाकूड, मशीनवर रंधा आणि मधला काप असं सगळं धरून मला बाराशे रुपये पडले. बाहेरून कोरा बॉडी ब्लॉक मागवायचा तर शिपिंगच त्याच्यावर जातं. एक लक्षात ठेवा, वखारीतली 'दोन इंची' फळी रंधा मारल्यावर पावणेदोनच उरते आणि आपल्याला तेवढीच पाहिजे, म्हणजे ४४-४५ मिलिमीटर, त्यामुळे दीड इंची फळी "चालेल हो" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

चिकटवणं सोपं आहे, साधा सुतारकामाचा पांढरा गोंद, दोन्ही कडा हाताच्या रंध्याने अशा करायच्या की एकमेकांवर धरून उजेडाकडे बघितलं तर फट दिसता कामा नये, आणि चार शिकंजे लावून एक दिवस हात लावायचा नाही. तून गोंद मस्त पितं. माझा सांधा आता पॉलिशखाली शोधावा लागतो.

कापण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण लाकडाचा खरा स्वभाव इथेच कळतो. मी १२ मिलिमीटर एमडीएफचा साचा केला, तो ब्लॉकवर चिकटवला, जिगसॉने रेघेच्या तीन मिलिमीटर बाहेरून कापलं आणि मग बेअरिंगवाल्या बिटने साच्याला लागून राउटर फिरवला. राउटर म्हणजे मोठा नाही, सुतार लॅमिनेट कापायला वापरतात तो छोटा ट्रिमर. तून त्याच्यापुढे लोण्यासारखं कापलं जातं, सागाने बिटची धार जशी पटकन जाते तशी इथे जात नाही. पण एका बाबतीत हे लाकूड सागापेक्षा नाजूक आहे, लाकडाची रेषा जिथे कडेच्या बाहेर पळते, म्हणजे शिंगाच्या (बॉडीच्या नेकशेजारच्या टोकाच्या) वळणावर आणि कमरेच्या खाली, तिथे ते फाटतं. माझ्या खालच्या शिंगाजवळ नखाएवढी ढलपी उडाली, मी ती जमिनीवरून शोधून गोंद लावून टेप मारून परत बसवली, आता दिसत नाही पण त्या क्षणी पोटात गोळा आला होता. बाहेरच्या कडेला राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, आतल्या खड्ड्यांना घड्याळाच्या दिशेने, एका फेरीत तीन-चार मिलिमीटरच्या वर खोल जायचं नाही, आणि शिंगाला शेवटची फेरी अगदी कागदाएवढी घ्यायची. ट्रिमरचा कॉलेट (बिट पकडणारा भाग) ६ मिलिमीटरचा असेल तर पाव इंची दांड्याचं बिट त्यात ठोकून बसवू नका, आणि उलटंही नको, पाव इंच म्हणजे ६.३५, फरक छोटा आहे पण तीस हजार आरपीएमला बिट सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. मास्क आणि चष्मा लावाच. तुणाचा बारीक भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत, मला हातावर पुरळही आलं होतं.

पिकअपचे (तारांचा कंप पकडणारे चुंबक) आणि कंट्रोलचे (आवाजाच्या बटणांचे) खड्डे कोरायला सगळे परदेशातले व्हिडिओ फोर्स्टनर बिटचा सेट घ्या म्हणतात. घेऊ नका. कपाटाच्या दारांना जे कप हिंज लावतात त्याचं ३५ मिलिमीटरचं बिट प्रत्येक मॉड्युलर किचनवाल्या मिस्त्रीच्या पिशवीत असतं, मी आमच्या सोसायटीत काम चाललं होतं तिथल्या दादांकडून एक दिवस मागून आणलं. खड्डा ३५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तिथेच त्याने शेजारी शेजारी भोकं पाडून आतला माल काढायचा, मग कडा तेवढ्या राउटरने साफ करायच्या आणि कोपरे पटाशीने. ट्रिमरवरचा अर्धा ताण गेला. खोलीची खूण म्हणून बिटला टेप गुंडाळा, मागून आरपार गेलं तर बॉडी संपली.

नेक पॉकेट, म्हणजे नेक बसतो तो खड्डा, हे मात्र सगळ्यात जपून करायचं काम, बाकी सगळं थोडं वाकडं झालं तरी गिटार वाजते पण हे चुकलं तर वाजत नाही. फेंडर मापाचा नेक असेल तर पॉकेट ५६ मिलिमीटरच्या जवळपास रुंद आणि १६ मिलिमीटर खोल. पण पुस्तकी आकड्यावर कापू नका, आपला नेक हातात आल्यावर त्याचं माप घेऊन त्याच्यावरूनच साचा करा, माझा नेक ५५.७ निघाला. नेक बसवल्यावर बॉडी उचलली तर स्क्रूशिवाय दोन सेकंद तरी लटकून राहिला पाहिजे. इथे तुणाने मला खूश केलं, लाकडात किंचित लवचीकपणा आहे, त्यामुळे घट्ट पॉकेटमध्ये नेक दाबून बसवताना कडेला चीर गेली नाही. चार स्क्रूंची भोकं बॉडीत मोकळी ठेवायची, म्हणजे स्क्रू बॉडीतून नुसता सरकला पाहिजे आणि पकड फक्त नेकमध्ये घेतली पाहिजे, तरच नेक खाली ओढला जातो. स्क्रूला साबण किंवा मेण लावा.

मग ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीची) जागा. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरची धातूची आडवी पट्टी) अंतर मोजायचं आणि दुप्पट करायचं, साडेपंचवीस इंची स्केलला ते ६४८ मिलिमीटर येतं, पहिल्या बारीक तारेचा सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन तिथे आला पाहिजे, म्हणजे जाड तारांचे सॅडल मागे न्यायला जागा उरते. उजवं-डावं बघायला मी शिवणाच्या दोऱ्याने काम केलं, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोरे ओढून ब्रिजला बांधले आणि ते फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखे येईपर्यंत ब्रिज सरकवत बसलो. तासभर गेला. सगळ्या कामातला हा तास मला सगळ्यात जास्त आवडला. ब्रिजचे स्क्रू तुणात घट्ट बसले, पण आधी बारीक भोक पाडून घ्या आणि एकदा बसवला की परत परत काढू नका, इतक्या मऊ लाकडात आटे लवकर झिजतात. सागाला इथे जास्त मार्क.

वायरिंगमध्ये लाकडाचा संबंध नाही म्हणून थोडक्यात: सिंगल कॉइल पिकअप असतील तर अडीचशे के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं, सगळ्या खड्ड्यांना आतून तांब्याची टेप, टेपचे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडलेले, आणि ब्रिजखालून अर्थची वायर विसरायची नाही. माझ्या घरी जुनं वायरिंग आहे, ट्यूबलाइट लावली की आधीच्या गिटारला घूंऽऽ असा हम यायचा, टेप लावल्यावर तो बराच खाली आला.

पॉलिशला परत मिरजेकडे गेलो. तुणाची छिद्रं मोठी असतात, नुसतं वार्निश मारलं तर पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो, म्हणून आधी फिलर भरून २२० च्या पॉलिशपेपरने घासून घेणं भाग आहे. मग चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, कापसाची पुरचुंडी मऊ सुती कापडात बांधून हात फिरवायचा. एका दिवशी तीन-चार हात, मग वाळू द्यायचं, असे दहा दिवस. चौथ्या दिवशी रंग असा खुलला की घरातले सगळे येऊन हात लावून गेले, आतून उजेड आल्यासारखा लाल. कुठलाही डाय वापरलेला नाही.

आवाजाबद्दल लोक वाद घालतात आणि मला त्यात पडायचंय, कारण मला जे वाटतं ते सांगायला हवं. पिकअप लाकूड ऐकत नाही, चुंबकाजवळ तार हलते ते ऐकतो. त्यामुळे 'तुणाचा टोन गोड' वगैरे मी लिहिणार नाही. हेच पिकअप मी आधी पॅकिंगच्या पाइनच्या प्रॅक्टिस बॉडीवर लावून वाजवले होते (ती बॉडी भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या टाकाऊ खोक्यांची, हात बसवायला केली होती आणि प्रत्येकाने पहिली बॉडी अशीच करावी) आणि ॲम्पमधून मला सांगता येण्याजोगा फरक वाटला नाही. फरक वाटतो तो ॲम्प बंद असताना. तुणाची बॉडी पोटाला लावून वाजवली की कंप छातीपर्यंत येतो, तंबोऱ्याला टेकून बसल्यावर येतो त्या जातीचा, आणि त्यामुळे मी रात्री उशिरासुद्धा नुसताच वाजवत बसतो. मला ह्याची किंमत खूप आहे.

पावसाळ्याचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पॉकेटची रुंदी, बॉडीची जाडी आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंची सपाटी व्हर्नियरने आणि गुण्याने मोजून वहीत लिहिली होती, ऑक्टोबरमध्ये परत मोजली. जाडीत ०.३ मिलिमीटर वाढ, पॉकेटमध्ये मला मोजता येईल असा फरक नाही, सांधा हाताला लागत नाही. ट्रस रॉड (नेकचा वाक सरळ करायची आतली सळई) मात्र एकदा पाव फेरा फिरवावा लागला, पण तो नेकचा प्रश्न, नेक मेपलचा आहे.

आता एक मोठी तक्रार. तून मऊ आहे. खरंच मऊ. अंगठ्याचं नख जोरात दाबलं तर खूण उठते, माझ्या मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलची दोन वळ पडलेत आणि एकदा जॅकच्या टोकाने समोर टिचकीएवढा खड्डा पडला. स्टेजवर आपटत धोपटत वापरणाऱ्याने हे लाकूड घेऊ नये, त्याने साग घ्यावा आणि वजन सहन करावं. खड्डा काढता येतो, त्या जागेचा चपडा खरवडून ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की दबलेलं लाकूड वाफेने परत फुगतं, मी केलं, दोनदा करावं लागलं. भोवतीचं पॉलिश वाफेने पांढरट पडतं, तिथे दोन दिवस वाळू देऊन परत चपड्याचे पाच-सहा हात मारले आणि जुन्या-नव्याची कड मिसळून गेली. पीयू (पॉलियुरेथेन) मारलेल्या बॉडीला असं तुकड्यात करता येत नाही, सगळी उतरवावी लागते, त्यामुळे तून घेणार असाल तर पॉलिश चपड्याचंच करा.